वडिलांना पार्किन्सन्स आहे. घरी सांभाळण्यासाठी माणूस ठेवावा का?

प्रश्न (अंबाजोगाई तालुका, जि. बीड)

नमस्कार. माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी उजव्या हाताच्या थरथरीमुळे त्यांना लातूरला दाखवले, तेव्हा पार्किन्सन्सचे, म्हणजे हालचाली हळूहळू मंदावत नेणाऱ्या मेंदूच्या आजाराचे, निदान झाले. आता आठवते की त्याच्या कितीतरी आधीपासून सोसायटीच्या कागदांवरची त्यांची सही बारीक होत चालली होती आणि फोडणीचा वासही त्यांना येईनासा झाला होता. पण वयोमानाने होते असे समजून आम्ही दुर्लक्ष केले.

सध्या लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी दिवसातून तीन वेळा चालू आहे. सकाळच्या गोळीने अंग मोकळे होते, मात्र दुपारी जेवण झाल्यावर घेतलेली गोळी लागूच पडत नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले की त्यांचे पाय जमिनीला खिळतात, आणि या महिन्यात ते तिथेच दोनदा पडले. आई ६५ वर्षांची आहे, आणि सोयाबीनच्या काढणीत मी व पत्नी दिवसभर शेतात असतो. दिवसभरासाठी माणूस ठेवावा का, आणि ठेवला तर त्याला काय शिकवावे?

उत्तर (परभणी)

दादा, मी माझ्या यजमानांना नऊ वर्षे घरीच सांभाळले, म्हणून अनुभवाने लिहिते. माणूस जरूर ठेवा, पण गोळीच्या वेळा आधी घरातल्या सगळ्यांनी पाठ करा. वरण, दही, दूध यांतील प्रथिने आणि लेव्होडोपा एकाच वाटेने रक्तात आणि पुढे मेंदूत शिरतात, त्यामुळे भरल्या पोटी घेतलेली गोळी उशिरा आणि कमी लागू पडते. आमच्या डॉक्टरांनी जेवणाआधी अर्धा ते एक तास गोळी द्यायला सांगितले होते. तुम्हीही आपल्या डॉक्टरांना हे विचारा. एका वहीत गोळी कधी दिली, अंग कधी सुटले आणि पुन्हा कधी जखडले एवढे आठ दिवस लिहून ती वही त्यांच्यापुढे ठेवा. गोळ्यांचे प्रमाण मात्र स्वतःहून बदलू नका, आणि गोळी अचानक बंद तर कधीच करू नका, कारण त्याने प्रकृती गंभीर होऊ शकते.

उंबऱ्याशी पाय अडले की माणसे मायेपोटी हात धरून ओढतात आणि तिथेच तोल जातो. ओढायचे नाही, घाईही करायची नाही. आधी थांबू द्यावे, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायला सांगावे आणि मग मोठे पाऊल टाकायला लावावे. आमचे यजमान माळकरी होते. मी शेजारी उभी राहून टाळी वाजवत ‘ज्ञानोबा-तुकाराम’ म्हणायचे, आणि ‘ज्ञानोबा’ला उजवा, ‘तुकाराम’ला डावा असे ते उंबरा ओलांडायचे. पुढच्या फरशीवर आम्ही पावला-पावलाच्या अंतराने पांढऱ्या पट्ट्याही चिकटवल्या होत्या; पट्टी दिसली की ती ओलांडायला पाय आपोआप उचलला जायचा.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, लातूर)

ताईंनी सांगितलेल्या ठेक्याचा आणि पट्ट्यांचा उपचारातही उपयोग करतात. ठेवलेल्या माणसाला आणखी काही गोष्टी दाखवून द्या. सैल बाजेवरून उठणे या रुग्णांना फार जड जाते, म्हणून टणक आणि गुडघ्याएवढ्या उंचीचा पलंग द्यावा. उठताना कडेला सरकून, पाय मागे घेऊन, छाती पुढे झुकवून उभे राहायचे असते. या आजारात उभे राहताच रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते, म्हणून आधी मिनिटभर बसवावे. न्हाणीघरातली शहाबादी फरशी ओली झाली की निसरडी होते. तिथे भिंतीला पकड आणि बसायला खुर्ची हवीच. माणसाने सगळे हातात देऊ नये. धोतर नेसायला अर्धा तास लागला तरी लागू द्यावा, कारण ही हालचालच त्यांचा व्यायाम आहे. पाणी पिताना ठसका लागत असेल तर लगेच डॉक्टरांना कळवा, कारण अन्न-पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

उत्तर (नांदेड)

एक गोष्ट कळकळीने सांगतो. माझ्या आईला उलट्या होत होत्या म्हणून एका दवाखान्यात मेटोक्लोप्रामाइडचे इंजेक्शन दिले गेले, आणि दोन दिवस तिला कूसही बदलता येईना. हालचालींसाठी लागणारे डोपामिन हे मेंदूतील रसायन या आजारात आधीच कमी असते, आणि हे औषध त्याचेच काम अडवते. मानसिक आजारांवर देतात त्या हॅलोपेरिडॉलचेही तसेच आहे. त्यामुळे कोणत्याही दवाखान्यात पाऊल टाकताच पार्किन्सन्स असल्याचे सांगा आणि तशी चिठ्ठी वडिलांच्या खिशात ठेवा. खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपाच असतो, म्हणून कोणी ते चूर्ण सुचवले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठीही अर्ज करा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. वही आजपासून सुरू केली आहे, आणि भावकीतला एक मुलगा काढणी होईपर्यंत घरी थांबायला तयार झाला आहे. एक राहिलेच: वडील झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात, आणि परवा आईला जोरात लागले. हे आजाराचेच आहे का?

उत्तर (परभणी)

हो दादा, बहुतेक आजाराचेच असावे. स्वप्नात एरवी शरीर ढिले राहते, ते यांचे राहत नाही. काहींना तर थरथर सुरू होण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून हा त्रास असतो. यावर औषध मिळते, म्हणून वहीत तेही लिहा. आईंचे अंथरूण आजपासूनच वेगळे घाला, पण हाक ऐकू येईल इतके जवळ. त्यांची झोप झाली नाही तर दिवसा वडिलांना सांभाळायला त्यांच्यात त्राण उरणार नाही.