स्टॅटिक थ्रेडला पॉइंटर कशाला? ग्लोबल आहे की!

रजिस्टरवाला: वर एकाने ठोकून दिलंय, "थ्रेड स्टॅटिक आहे ना, मग आर्ग्युमेंट कशाला, सरळ ग्लोबल वापरा." राहवलं नाही म्हणून लिहितोय. झेफिरचं (छोट्या बोर्डवरची ऑपरेटिंग सिस्टिम) के_थ्रेड_डिफाइन, म्हणजे कंपाइल करतानाच स्टॅटिक थ्रेड बनवणारा मॅक्रो, एंट्री फंक्शनसाठी तीन व्हॉइड पॉइंटर (कुठल्याही प्रकारच्या डेटाचा पत्ता) घेतं ते शोभेला नाही. आमच्या बोर्डवर दोन मोडबस (यंत्रांमधल्या संवादाच्या) लाइनी आहेत, एंट्री फंक्शन एकच, स्टॅटिक कॉन्फिग स्ट्रक्ट दोन, ज्याचा त्याला पत्ता दिला की झालं. ग्लोबलवाल्यांनी तेच फंक्शन दोनदा लिहायचं, मग एकात बग सुधारला की दुसऱ्यात तसाच राहतो.

जुना_फर्मवेअरकर: ते मीच लिहिलंय. ऑटोसारमध्ये (गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं स्टँडर्ड) टास्कला, म्हणजे थ्रेडलाच, आर्ग्युमेंट नसतंच, गाड्या थांबल्यात का? आणि पॉइंटरचं कौतुक मला सांगू नका. फ्रीआरटीओएसवर (झेफिरसारखीच दुसरी सिस्टिम) एका पोराने मेनमधल्या लोकल स्ट्रक्टचा पत्ता टास्कला दिला. कॉर्टेक्स-एम प्रोसेसरवर शेड्युलर सुरू झाला की मेनचा स्टॅक इंटरप्टसाठी परत वापरतात, त्यामुळे बॉड रेटच्या जागी कचरा, टेबलावर चालायचं आणि साइटवर मरायचं, रात्रभर लॉजिक अ‍ॅनलायझर लावून आम्ही बसलेलो!

रजिस्टरवाला: अहो मग हे माझ्याच बाजूचं झालं! के_थ्रेड_डिफाइनमध्ये लोकलचा पत्ता देऊन बघा, कंपायलरच अडवतो. फ्रीआरटीओएसच्या स्टॅटिक क्रिएटमध्ये फक्त मेमरी स्टॅटिक असते, पॉइंटर रनटाइमलाच जातो. दोन्हीची सरमिसळ करू नका.

मिस्राग्रस्त: व्हॉइड पॉइंटर परत स्ट्रक्टवर कास्ट केला की मिस्राचा (सुरक्षित सी कोडची नियमावली) नियम 11.5 बोंबलतो, त्याचं काय? आमच्याकडे प्रत्येक कास्टला डेव्हिएशन (नियम मोडल्याचं लेखी कारण) लिहायला लावलं.

जुना_फर्मवेअरकर: 11.5 अ‍ॅडव्हायझरी आहे, म्हणजे नुसता सल्ला, फॉर्मल डेव्हिएशन लागतच नाही. कोणी सांगितलं तुम्हाला?

मिस्राग्रस्त: नियम मलाही वाचता येतो. क्लायंटचा ऑडिटर समोर बसलेला असताना तुम्ही या आणि सांगा त्याला! टूलमध्ये लाल दिसलं की त्याला कारण हवं असतं, आणि संध्याकाळी उशिरापर्यंत ते कागद आम्ही भरतो, तुम्ही नाही.

जुना_फर्मवेअरकर: मग भांडा ना त्याच्याशी, इथे कशाला?

नवखी_एम्बेडेड: मिस्रा बाजूला ठेवा प्लीज. झेफिरमध्ये डिव्हाइसचा पॉइंटर गेट_बाइंडिंगने रनटाइमला मिळतो, तो स्टॅटिक थ्रेडला द्यायचा कसा?

रजिस्टरवाला: डिव्हाइस_डीटी_गेट वापर, त्याचा पत्ता लिंक करतानाच ठरतो, थेट पी1 मध्ये (तिनातला पहिला पॉइंटर) टाक.

जुना_फर्मवेअरकर: बरं, एकाच कोडचे दोन थ्रेड असतील तर द्या पॉइंटर, एवढं मान्य. पण पत्ता दिला म्हणून डेटा खासगी होत नाही. दोन थ्रेडना एकच स्ट्रक्ट दिलंत तर रेस (दोघांनी एकाच वेळी डेटा बदलल्याचा घोळ) तीच, वर ग्लोबलसारखी नावाने शोधताही येत नाही.

रजिस्टरवाला: म्हणूनच कॉन्फिग कॉन्स्ट ठेवतो. बदलणारं काही असेल तर मेसेज क्यू.