किडनी कॅन्सर: ऑपरेशनआधीच्या सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि सीआरपीवरून (सूज दाखवणारं प्रथिन) पुढचा अंदाज किती धरायचा?

रंकाळा_युरो (कोल्हापूर)
नेफ्रेक्टॉमीनंतर (किडनी काढल्यावर) पेशंटचा पुढचा धोका ठरवताना हिस्टोपॅथॉलॉजीच्या (गाठीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीच्या) जोडीला रक्ताचे आकडे धरावेत का? नमुन्यादाखल एक चित्र मांडतो. क्लिअर सेल प्रकार, ८ सेंमी, रीनल सायनसच्या (किडनीच्या आतल्या पोकळीच्या) चरबीत शिरलेला म्हणून स्टेज पीटी३ए, ग्रेड ३, नेक्रोसिस (मेलेला भाग) आहे, लिम्फ नोड मोकळे, सीटीत कुठे पसरलेला नाही. ऑपरेशनआधी हिमोग्लोबिन ९.८, टीएलसी (एकूण पांढऱ्या पेशी) ९,८००, न्यूट्रोफिल ७४ टक्के, लिम्फोसाइट १६ टक्के, प्लेटलेट ४.६ लाख, अल्ब्युमिन ३.२, कॅल्शियम ९.९, सीआरपी ३८. एनएलआर (न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट) ४.६ येतो. पण कट-ऑफ कुठे अडीच, कुठे चार, कुठे पाच. नेमका कोणता धरू?

स्लाइड_आणि_स्कोप
सर, आधी रक्त बाजूला ठेवा आणि लीबोविच स्कोअर (स्टेज, नोड, आकार, ग्रेड, नेक्रोसिस यांचे गुण) मांडा. पीटी३ चे ४, नोड ०, आकार १० सेंमीच्या आत म्हणून ०, ग्रेड ३ चा १, नेक्रोसिसचा १. एकूण ६, म्हणजे हाय रिस्क. २००३ च्या मूळ मांडणीत पाच वर्षांनी मेटास्टॅसिसविना (कॅन्सर दुसरीकडे न पसरता) असलेले लो रिस्कमध्ये (० ते २) ९७.१ टक्के, मधल्या गटात (३ ते ५) ७३.८ आणि ६ वा जास्त असल्यास ३१.२ टक्के होते. हा स्कोअर फक्त क्लिअर सेलचा, पॅपिलरीला (किडनी कॅन्सरच्या दुसऱ्या प्रकाराला) लावू नका.

आता रक्त. तुमच्या आकड्यांत सगळ्यात बोलकी जोडी सीआरपी आणि अल्ब्युमिनची. सीआरपी १० मिग्रॅ प्रतिलिटरच्या वर आणि अल्ब्युमिन ३.५ च्या खाली, म्हणजे सुधारित ग्लासगो स्कोअर (याच दोन आकड्यांवरून काढतात, ० ते २) २. गाठीतून सुटणाऱ्या आयएल-६ या सुजेच्या संदेशक प्रथिनामुळे यकृत सीआरपी वाढवतं, अल्ब्युमिन कमी करतं, हेप्सिडिन हे हार्मोन वाढून लोह अडकतं आणि प्लेटलेटही चढतात. म्हणजे हिमोग्लोबिन, प्लेटलेट, सीआरपी, अल्ब्युमिन हे चार वेगळे साक्षीदार नव्हेत, एकच गोष्ट चारदा सांगतात. चार वाईट आकडे दिसले म्हणून धोका चौपट धरू नका.

कॅल्शियमही बघा. अल्ब्युमिन ३.२ असताना सुधारित कॅल्शियम ९.९ + ०.८ × (४ − ३.२) = १०.५४, म्हणजे नॉर्मलच्या वरच्या काठावर. रिपोर्टवर ९.९ नॉर्मल दिसतं आणि हेच नजरेतून सुटतं. आयनाइज्ड (रक्तातलं मोकळं) कॅल्शियम करून खात्री करा.

आणि एक, आयएमडीसी स्कोअर इथे लावू नका. त्यात हिमोग्लोबिन, कॅल्शियम, न्यूट्रोफिल, प्लेटलेट आहेत म्हणून मोह होतो, पण तो मेटास्टॅटिक पेशंटसाठी आहे.

ईडीटीए_ट्यूब
लॅबच्या बाजूने सांगते. कट-ऑफच्या आधी सॅम्पल कधी आणि कसं घेतलं ते विचारा, निम्मा घोळ तिथेच असतो.

डेक्सामेथासोनचं एक इंजेक्शन पडलं तरी काही तासांत न्यूट्रोफिल चढतात, लिम्फोसाइट उतरतात. दम्याच्या पेशंटचं प्रेडनिसोलोनही तेच करतं. युरिन इन्फेक्शन असेल तर एनएलआर आणि सीआरपी दोन्ही त्या इन्फेक्शनचे. कल्चर करा, उपचार पुरे करा, मग पुन्हा काढा. रक्त चढवल्यानंतरचं हिमोग्लोबिन तर धरूच नका.

सीआरपीचं युनिट बघा. एका लॅबचा ३.८ मिग्रॅ प्रतिडेसिलिटर आणि दुसरीचा ३८ मिग्रॅ प्रतिलिटर एकच आहेत. युनिट न बघता एक्सेलमध्ये टाकलं की निकाल उलटा.

गडहिंग्लज-चंदगडकडून दुपारच्या गाडीने येणारी सॅम्पल, त्यातही एप्रिल-मेमधली, फार जपून वाचा. सीरम वेळेत वेगळं केलं नाही तर पेशी फुटून एलडीएच आणि एएसटी ही पेशींतली एन्झाइमं वाढतात, मग धोक्याच्या अंदाजासाठी काढतात ते एएसटी-एएलटी (दोन यकृत-एन्झाइमांचं) गुणोत्तर फुकटच जास्त दिसतं. सीरम लालसर दिसलं तर ते गुणोत्तर काढूच नका. टूर्निकेट (दंडाचा पट्टा) मिनिटापेक्षा जास्त बांधून ठेवलं की अल्ब्युमिन आणि एकूण कॅल्शियम दोन्ही वर सरकतात. ईडीटीएत (ट्यूबमधल्या, रक्त गोठू न देणाऱ्या रसायनात) प्लेटलेटचे गठ्ठे झाले तर काउंट खोटा कमी येतो. स्मिअर बघा, नाहीतर सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा करा आणि आकडा १.१ ने गुणा.

हिमोग्लोबिन ९.८ चं कारणही शोधा. लघवीतून रक्त जात असेल तर साधी लोहाची कमतरताही असू शकते. एमसीव्ही (तांबड्या पेशींचा आकार) आणि फेरिटिन (लोहाचा साठा) लावा. फेरिटिन खाली असेल तर ती ॲनिमिया गाठीच्या सुजेच्या खात्यात पूर्णपणे टाकता येत नाही.

आकडेमोड_४१६
कट-ऑफबद्दल मी सरळच सांगतो: कोणताच धरू नका. ते बहुतेक वेळा त्याच डेटातून, पी-व्हॅल्यू (सांख्यिकी चाचणीचा आकडा) सगळ्यात चांगली येईल तिथे रेघ मारून काढलेले असतात. म्हणून दुसऱ्या हॉस्पिटलच्या पेशंटवर टिकत नाहीत. ३.९ आणि ४.१ मध्ये काहीही फरक नसताना एक पेशंट 'लो' आणि एक 'हाय' होतो. एनएलआर सलग आकडा म्हणून, लॉग घेऊन मॉडेलमध्ये टाका.

विभागाचं स्वतःचं मॉडेल बांधायचं मनात असेल तर पेशंट नव्हे, घटना मोजा. ढोबळ हिशेबाने एका घटकामागे किमान दहा मृत्यू लागतात. समजा ९० पेशंट आणि २० मृत्यू असतील, तर जेमतेम दोन घटक बसतात: एक लीबोविच स्कोअर, दुसरा सीआरपी. एनएलआर, पीएलआर (प्लेटलेट भागिले लिम्फोसाइट), एसआयआय तिन्ही एकत्र घालू नका, एसआयआय म्हणजे एनएलआर गुणिले प्लेटलेटच. वयस्क पेशंट हृदयविकाराने जातात, त्यांना कॅन्सरच्या मृत्यूत मिसळू नका. आणि सी-इंडेक्स (जास्त आणि कमी धोक्याचे पेशंट मॉडेल किती नीट वेगळे करतं तो आकडा) ०.०१ ने वाढला म्हणजे पेशंटला फायदा झाला असं नाही. कॅलिब्रेशनचा आलेख काढा: ३० टक्के धोका सांगितलेल्या गटात खरोखर ३० टक्क्यांच्या आसपास घडलं का?

रंकाळा_युरो
पटलं. मग ऑपरेशननंतर सीआरपी पुन्हा कधी करायचा?

ईडीटीए_ट्यूब
ऑपरेशनमुळेच तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठतो, त्यामुळे वॉर्डातला आकडा यासाठी बाद. जखम भरलेली, ताप नाही, ड्रेन निघालेला, अशा वेळी सहा आठवड्यांनी करा. त्याच लॅबमध्ये, त्याच युनिटमध्ये. ३८ वरून ३ वर आला तर सूज गाठीचीच असावी. ३० वर अडकला तर आधी इन्फेक्शन, कलेक्शन, दात, सांधे तपासा आणि काहीच सापडलं नाही तर सीटीची तारीख पुढे ढकलू नका.

स्लाइड_आणि_स्कोप
सीआरपी नॉर्मल झाला म्हणून सीटी लांबवायचा नाही, हेही लिहून ठेवा. स्कोअर ६ आहे. ऑपरेशननंतरच्या पेम्ब्रोलिझुमॅबबद्दल (इम्युनोथेरपीचं औषध) ऑन्कॉलॉजिस्टशी बोलणं याच आठवड्यात व्हायला हवं, आणि तो निर्णय स्टेज-ग्रेडवर होतो, एनएलआरवर नाही.