ग्रीक लोक सारखं 'पो पो' काय करतात?

दादर_स्लो: ऑनलाइन ग्रीक शिकतोय, टीचर फोन उचलला की "एला" म्हणते, एला म्हणजे 'ये' ना, मग फोनवर कुठे यायचं?? आणि ते पो पो?

गिरगावकर: अरे फोनवरचं एला म्हणजे आपलं "हां बोल". तेच चकित होऊन म्हटलं की "काय सांगतोस!". पो पो म्हणजे बापरे, भारी जेवण बघूनही आणि बिल बघूनही. लागलं-बिगलं की "ओख".

पार्लेवाली: त्यांचं "रे" पण शिक, सेम आपल्यासारखं, फक्त तिकडे बाईलाही रेच, अगं नाही. आलंय "मोरे"वरून, मूळ अर्थ मूर्खा, म्हणून टीचरला नको हां. (आमच्या ग्रुपमधल्या मोऱ्यांना अजून सांगितलं नाहीये)

दादर_स्लो: पो पो!! आणि "ने" म्हणजे हो निघालं, मी आठवडाभर त्याचा अर्थ "नाही" असा समजत होतो