रीलची बेअरिंग धुतल्यावर जास्तच ओरडतंय, काय चुकलं?

गंगापूर_गळ

मंडळी, जरा मदत करा. मासेमारीचं ४००० साइजचं स्पिनिंग रील आहे, घेऊन तीन वर्षं झाली. एरवी गंगापूर धरणाचं बॅकवॉटर नाहीतर दारणा, म्हणजे गोडं पाणीच. मे महिन्यात साडूबरोबर जव्हारमार्गे केळव्याला गेलो आणि दोन दिवस समुद्रात गळ टाकला. एक शिंगाळा मिळाला, बाकी नुसतं ऊन खाल्लं. घरी आल्यावर रॉड पुसला, रील तसंच पिशवीत कोंबलं. बायको तेव्हाच म्हणाली होती, मासा धुतोस तसं ते यंत्रही धू. ऐकलं नाही.

आता पाऊस. परवा नाशकात गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलेलं, नदीवर जायची सोयच नाही. म्हणून रविवारी रील बाहेर काढलं तर हँडल फिरवताना खरखर, वाळू दळल्यासारखी. व्हिडिओ बघत उघडलं. स्क्रू हरवू नयेत म्हणून जुन्या स्पीकरच्या लोहचुंबकावर ठेवत गेलो. आतली तीन बेअरिंग काढली, वाटीत पेट्रोल घेऊन धुतली, चहासारखं पाणी निघालं. मग कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे हवा मारून आणली. पेन्सिलीवर धरून हवा मारली तर शिट्टी घालत फिरली, पोरगा टाळ्या वाजवायला लागला. तेल मुद्दामच घातलं नाही, व्हिडिओवाला म्हणाला तेलाने बेअरिंग जड होतं. गिअरला सढळ हाताने ग्रीस दिलं. सुयांसारखे बारीक रोलर असलेलं एक बेअरिंग होतं, त्यातही भरलं.

जोडल्यावर नुसतं फिरवलं तर मस्त हलकं. पण गच्चीवर दोरीला शिसं बांधून ओढलं की किर्रर्र आवाज, पहिल्यापेक्षा वाईट. शिवाय हँडल मधूनच उलटं फिरतं आणि बाजूला थोडं डुगडुगतं. हे दोन्ही आधी नव्हतं. ज्या दुकानातून घेतलं तो म्हणतो, काका, नवीनच घ्या. (मी ३६ चा आहे, काका कोणाला म्हणतोस!) नवीन बेअरिंगचा सेट मागवू का?

कास्टिंग_किडा

सिरॅमिक बेअरिंग टाक भावा. मी माझ्या बेटकास्टर रीलच्या स्पूलला, म्हणजे दोरी गुंडाळली जाते त्या फिरकीला टाकली, फेक कुठल्या कुठे जाते. गंजायचा प्रश्नच मिटला. आणि बेअरिंग कोरडंच छान पळतं, व्हिडिओवाला बरोबर बोलतोय.

टूलरूम_रिटायर्ड

गंगापूर, आधी सेट मागवू नकोस. मी सातपूरला ३१ वर्षं मेंटेनन्सला होतो, हाताखालून किती बेअरिंग गेली त्याचा हिशोब नाही. तुझ्याच लिहिण्यात उत्तर आहे, नीट वाच. नुसतं फिरवलं तर आवाज नाही, दोरी ओढली की आवाज. मग दोरी चालू असतानाच फिरणारी एकच वस्तू रीलवर आहे. बेल आर्मच्या, म्हणजे स्पूलवर दोरी गुंडाळणाऱ्या तारेच्या कमानीच्या टोकाला दोरी जिथे वळते तो लाइन रोलर. त्याच्या आत बेअरिंग असतं, ते तू उघडलंच नाहीस. तीन आतली धुतलीस आणि चौथं, जे समुद्राचं पाणी रोज प्यायलं, ते तसंच राहिलं.

आता एक हिशोब कर. तुझं रील हँडलच्या एका फेऱ्यात साधारण ८० सेंटिमीटर दोरी गोळा करत असेल. रोलरच्या खाचेचा व्यास ८ मिलिमीटर धर, म्हणजे परीघ झाला २५. ८०० भागिले २५, हँडलच्या एका फेऱ्याला रोलरचे ३२ फेरे. सेकंदाला एकदा हँडल फिरवलंस तर मिनिटाला १९०० च्या वर. आमच्या पंपाची मोटर १४४० ने फिरायची. उलट आतलं पिनियनचं (लहान गिअरचं) बेअरिंग, ज्यावर तू टाळ्या घेतल्यास, ते मिनिटाला तीनशे-सव्वातीनशे फिरतं. म्हणजे अख्ख्या रीलमध्ये सगळ्यांत लहान बेअरिंग सगळ्यांत जोरात पळतं, सगळ्यांत जास्त भिजतं, आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही.

खात्री करायची असेल तर रोलरवर स्केचपेनने ठिपका दे आणि दोरी ओढताना बघ. ठिपका जागचा हलला नाही तर रोलर जाम आहे, दोरी त्याच्यावर घासत जाते. दोरीला पीळ पडतो, तो वेगळाच. स्वस्तातल्या काही रीलमध्ये तिथे बेअरिंग नसतं, प्लास्टिकचा बुश असतो. तसं असेल तर पुसून तेलाचा थेंब दे, विषय संपला.

आता तुझ्या पेट्रोलबद्दल. वाटीत, म्हणजे स्वयंपाकघरात ना? परत करू नकोस. आम्ही कंपनीत रॉकेलमध्ये धुवायचो, तेही उघड्या शेडमध्ये, आणि आसपास कोणी बिडी पेटवली तर फोरमन अंगावर धावून जायचा. दुसरं, हवा. बेअरिंग वाळवायला हवा मारावी, पण आतली आणि बाहेरची दोन्ही कडी बोटांत घट्ट धरून. कोरडं बेअरिंग हवेने फिरवलं की छर्रे लोळण्याऐवजी घसरतात, रेसवर, म्हणजे छर्रे लोळतात त्या कड्याच्या खाचेवर ओरखडे पडतात. ती शिट्टी कौतुकाची नव्हती. बेअरिंग किती वेळ फिरतं यावर ते चांगलं की वाईट ठरत नाही, तेल नसलं की कोणतंही बेअरिंग भरपूर फिरतं. बोटावर हळू फिरवून बघ, कुठे अडखळतं का, दाणा लागतो का. तेवढीच परीक्षा.

आणि पावसाळ्यात धुतलेलं पोलाद तेलाशिवाय ठेवलंस? आज रात्रीच तेल घाल. महागडं काही नको, शिलाई मशीनचं तेल चालतं. लाइन रोलर आणि हँडलच्या मुठीतल्या बेअरिंगला दोन थेंब. पिनियनच्या आणि मोठ्या गिअरच्या बेअरिंगला मी पातळ ग्रीस देतो, ती सावकाश फिरतात आणि ग्रीस पाणी अडवतं. गंज सोडवायचा स्प्रे मारून काम झालं असं समजू नकोस. त्यातला पातळ भाग उडून जातो, मागे राहतं ते फार थोडं.

हँडल उलटं फिरतंय ते तू सुयांच्या बेअरिंगला ग्रीस भरलंस म्हणून. ते वन-वे बेअरिंग आहे. बारीक स्प्रिंगांनी रोलर उतारात ढकलले जातात आणि हँडल उलटं फिरवलं की दांड्याला चिमटून धरतात. जाड ग्रीसमध्ये ते पोहत बसतात, चिमटा बसत नाही. धुऊन काढ, पूर्ण वाळव आणि पातळ तेलाचा अगदी पुसट हात. ग्रीस अजिबात नाही.

किडाभाऊ, तुमच्या स्पूलपुरतं ठीक. फेकताना स्पूल हजारोंनी फिरतो, तिथे कमी तेल लागतं हे मान्य. पण कमी म्हणजे एक थेंब, शून्य नव्हे. आणि सिरॅमिकमध्ये सहसा फक्त छर्रे सिरॅमिकचे असतात, कडी पोलादाचीच. खाऱ्या पाण्यात ती गंजणारच.

कास्टिंग_किडा

काका, शून्यावर चार महिने चालवलीत. आता कान देऊन ऐकलं तर थोडी किणकिण येते. उद्याच उघडतो.

एमजी_रोड_सोल्डर

मी मोबाइल दुरुस्ती करतो, माशातलं कळत नाही, भाऊजींच्या नादाने इथे वाचतो. पेट्रोलऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, आम्ही बोर्ड धुवायला तेच वापरतो. मेडिकलमधलं ७० टक्केवालं घेऊ नका, बाकीचं पाणीच असतं. तेही पेट घेतं, म्हणून खिडकी उघडी आणि गॅस बंद. काचेच्या छोट्या बाटलीत बेअरिंग टाकून झाकण लावा, हलवा, ओता, परत नवीन घ्या. तिसऱ्यांदा स्वच्छ दिसलं की झालं. जुनं ग्रीस जाड असेल तर आधी टर्पेंटाइनमध्ये भिजवा, नुसत्या अल्कोहोलने ते नीट सुटत नाही. थिनर टाळा, प्लास्टिकची केज (छर्रे धरणारी जाळी) किंवा रबरी सील असेल तर वाट लावतो.

टूलरूम_रिटायर्ड

बरोबर सांगितलं. सीलवरून आठवलं, गंगापूर, बेअरिंगच्या तोंडावर पत्र्याची चकती असेल तर कडेला बारीक तारेची क्लिप दिसते का बघ. दिसली तर सुईने तिचं टोक उचल, चकती सुटते. सुईवर दुसऱ्या हाताचं बोट ठेव, नाहीतर क्लिप पलंगाखाली. क्लिप नसेल तर चकती दाबून बसवलेली आहे, उचकटू नकोस, तशीच भिजव. रबराची असेल तर आतल्या कडेने सुई घालून अलगद उचल. आणि बेअरिंग खाचेत बसवताना बाहेरच्या कड्यावर दाब दे. आतलं कडं ठोकलंस तर तो मार छर्ऱ्यांवर जातो आणि रेसवर खड्डे पडतात.

हँडल डुगडुगतंय म्हणजे एखादी शिम राहिली असणार. कागदासारखी पातळ वॉशर असते ती. उघडताना फोटो काढले होतेस का? त्या लोहचुंबकाचंही चांगलं नाही. बेअरिंग त्यावर ठेवलं असशील तर तेही थोडं चुंबक होतं आणि आतलीच लोखंडाची धूळ धरून बसतं.

गंगापूर_गळ

काका, पाय कुठे आहेत तुमचे. ठिपका दिला, दोरी ओढली, ठिपका ढिम्म. रोलर उघडला तर आतलं बेअरिंग विटेच्या रंगाचं. अल्कोहोलमध्ये तीनदा धुतलं, तेल घातलं, फिरायला लागलं पण बोटावर दाणे लागतात. जपून वापरलं तर चालेल का? साइज कॅलिपरने मोजली, आत ४, बाहेर ७, जाडी २.५.

वन-वे धुतलं, उलटं फिरणं बंद. आतल्या तिघांना तेल-ग्रीस तुम्ही सांगितलं तसं दिलं. एकाच्या कडेला तांबूस रेघ आली होती, दोन दिवसांतच. फोटो तीनच काढलेत, आणि त्यातल्या दोनांत माझा अंगठा आहे.

टूलरूम_रिटायर्ड

दाणे लागतात म्हणजे रेसला खड्डे पडले. धुऊन खड्डे भरत नाहीत, ते फेकून दे. तू मोजलंस ते एमआर७४ झेडझेड, कुठल्याही चांगल्या बेअरिंगवाल्याला हे नाव कळतं. स्टेनलेस माग, त्याच्या नावाआधी बरेचदा एस लावतात. नुसतं मागितलंस तर क्रोम स्टीलचं देईल. आपल्या एमआयडीसीत ज्याला ईएन ३१ म्हणतात, त्याच जातीचं. गुण चांगला, पण पाण्याशी त्याचं वैर. धरणावर तेलपाणी करत राहिलास तर तेही चालेल, केळव्याला नाही.

आणि पुढच्या वेळी समुद्रावरून आलास की त्याच रात्री ड्रॅग (दोरी किती ताणाला सुटावी ते ठरवणारा नॉब) घट्ट पिळून नळाच्या बारीक धारेखाली धर, मग झटकून वाळव आणि ड्रॅग सैल कर. गाडी धुवायच्या प्रेशरने नको, मीठ आत ढकललं जातं. लाइन रोलरला दोन थेंब, दर ट्रिपला. सगळं रील वर्षातून एकदा उघडलं तरी पुरे.

डुगडुग गेली का?

गंगापूर_गळ

अंबडला जाऊन स्टेनलेस आणलं. दुकानदाराने आधी विचारलं, किती शेकडा पाहिजेत? एकच म्हटल्यावर माझ्याकडे बघत राहिला, पण दिलं. गच्चीवर ओढून पाहिलं, आवाज शून्य, ठिपका गरगर फिरतोय.

डुगडुग मात्र तशीच होती. घर झाडलं, पलंग सरकवला, पोराचे खिसे तपासले. शेवटी सौ. म्हणाली तो स्पीकरचा लोखंडी गोळा उचल माझ्या टेबलावरून. उचलला, तर खालच्या अंगाला शिम चिकटलेली.