गाडी विकली चार वर्षांपूर्वी, मावशीचे पैसे थांबले आत्ता. खात्याखात्यांचा डेटा असा जोडायचा का?

कोपरखैरणेकर:
माझ्या मावशीचे एका सरकारी योजनेचे महिन्याचे पैसे तीन महिने आलेच नाहीत. आधी वाटलं बँकेचा घोळ असेल, मग आधार सीडिंग चेक केलं तर ते पण ओके, शेवटी दोन-तीन ठिकाणी खेटे घातल्यावर एका काउंटरवरच्या मुलाने स्क्रीनमध्ये बघून सांगितलं की घरात चारचाकी दिसतेय, म्हणून पैसे थांबलेत. ती गाडी काकांनी चार वर्षांपूर्वी तुर्भ्याच्या एकाला विकली. त्याने नावावर करून घेतलीच नाही, त्यामुळे 'वाहन' या सरकारी गाडीनोंदणीच्या रेकॉर्डला आजपण काकाच मालक. मावशी एपीएमसीत कांदा-बटाटा निवडायला जायची, आता गुडघ्यांमुळे घरीच असते.
सरकारने डेटा ठेवूच नये असं मी म्हणत नाहीये. पण दोन खात्यांनी माहिती जुळवली, त्यावरून पैसे थांबवले आणि तिला साधं कळवलं पण नाही, मोबाईल नंबर तर आहेच ना त्यांच्याकडे? चूक कुठे जाऊन दुरुस्त करायची हेही कोणी सांगत नाही.

घोडबंदर रोड:
मावशींबद्दल वाईट वाटलं, पण मी सहमत नाही. गाडी विकली की विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, फॉर्म २९ त्यासाठीच आहे. उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं असतं तर काका कोर्टात उभे राहिले असते. सिस्टिमने जे रेकॉर्डवर आहे तेच दाखवलं.
आणि डेटा जोडलाच नाही तर बोगस लोक सापडणार कसे? लाडकी बहीणमध्ये दुसऱ्या खात्यांची माहिती जुळवल्यावरच जून २०२५ पासून २६ लाखांवर लोकांचे हप्ते थांबवले, त्यात पुरुषसुद्धा निघाले. पैसा आपल्याच खिशातला जातो.

नौपाडा, निवृत्त:
मीही घोडबंदर रोड यांच्याच बाजूची. पूर्वी हयातीच्या दाखल्यासाठी दर नोव्हेंबरला बँकेत रांग लावायचे, आता घरात खुर्चीत बसून मोबाईलसमोर चेहरा दाखवला की जीवन प्रमाण तयार. सातबारा बघायला तलाठ्याच्या मागे फिरावं लागत नाही. प्रायव्हसी प्रायव्हसी करणाऱ्यांनी ते दिवस बघितलेले नाहीत. ज्याचं पोट हातावर आहे त्याला आधी दाखला हवा असतो, बाकी सगळं नंतर.

ऐरोलीची मुलगी:
काकू, हाच मुद्दा सुप्रीम कोर्टात मांडला गेला होता, की गरिबाला प्रायव्हसीचं काय. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने प्रायव्हसी मूलभूत हक्क ठरवली आणि हा युक्तिवाद तिथे टिकला नाही.
माझे बाबा माथाडी. तीस वर्षं गोणी उचलून बोटांच्या रेषा गेल्यात, रेशनच्या मशीनवर कधी अंगठा लागतो, कधी नाही. मशीन नाही म्हणालं की दुकानदार यांच्याकडे चोरासारखं बघतो. तुम्हाला सोय मिळाली याचा खरंच आनंद आहे, पण ज्याचं जुळत नाही त्यानेच स्वतःला सिद्ध करत फिरायचं हे मला पटत नाही.
आणि 'वाहन'चा विषय निघालाच आहे तर हेही सांगते. हाच गाडीमालकांचा डेटा सरकारने खासगी कंपन्यांना विकला होता. २०१९ मध्ये संसदेत सांगितलं की त्यातून साधारण ६५ कोटी मिळाले, २०२० मध्ये ते धोरण बंद केलं. आपल्यापैकी कुणाला विचारलं होतं?

घोडबंदर रोड:
६५ कोटींचं मला माहीत नव्हतं, ते चूकच होतं. कंपन्यांना विकणं आणि बोगस लाभार्थी शोधायला वापरणं हे मी एका मापात मोजत नाही मात्र. शिवाय आता कायदा आहे ना, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २५० कोटींपर्यंत दंड आहे त्यात.

नेरूळ पूर्व:
कायदा आहे पण नीट वाचा. कलम ७ खाली अनुदान, लाभ, दाखले द्यायला सरकार संमती न घेता बरीच माहिती वापरू शकतं, अगदी दुसऱ्या कामासाठी गोळा केलेली पण. कलम १७ मध्ये देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी सरकारी यंत्रणांना सूट देता येते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिने दिलेत. म्हणजे मावशींना आज त्याचा फारसा उपयोग नाही.
त्यातच कलम ८(३) मात्र चांगलं आहे. एखाद्याबद्दल निर्णय घ्यायला माहिती वापरणार असाल तर ती पूर्ण आणि अचूक असल्याची खात्री तुम्ही करायची. मला तर वाटतं सगळा वाद याच एका ओळीत आहे, आधी खात्री, मग पैसे थांबवा. आपल्याकडे उलटं होतं, आधी थांबवतात आणि मग माणूस कागद गोळा करत फिरतो.

नौपाडा, निवृत्त:
आधी नोटीस द्यायला हवी हे मला मान्य. आमच्या बँकेत खातं गोठवलं तरी पत्र जायचं. पण नोटीस दिली की बोगस लोकही खोटे कागद जमवणार, त्याचं काय?

ऐरोलीची मुलगी:
जमवू देत की, १५ दिवस द्या आणि तपासा. खोट्याला पकडायला तपासणी आहे, खऱ्या बाईची चूल तीन महिने कशाला अडवायची?

घोडबंदर रोड:
१५ दिवस ठीक आहेत. त्याहून जास्त नको.
कोपरखैरणेकर, तो तुर्भ्याचा माणूस सापडतोय का बघा. व्यवहाराचा कागद असेल तर तो घेऊन आरटीओत जा. आणि गाडीवर जुनी ई-चलानं आहेत का ते आधी ऑनलाइन बघून घ्या, ती काकांच्याच नावावर दिसतील.

कोपरखैरणेकर:
माणसाचा नंबर बंद आहे, पण स्टॅम्प पेपरवरचा करार मावशीने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलाय. चलानं बघितली, सहा आहेत. सोमवारी काकांना घेऊन आरटीओत जातोय, आणि मावशीचा लेखी अर्ज पण देतोय की कुठल्या रेकॉर्डवरून पैसे थांबवले ते लेखी कळवा. पोच घेऊनच येणार.