फ्रंटियरवरचा वकील लिंकन: मराठीत लिहिताना अडलेल्या तीन जागा

पेठकर:
पुण्यातल्या अभ्यासवर्गाच्या पुस्तिकेसाठी अब्राहम लिंकनच्या १८३१ ते १८६० या काळावर प्रकरण करायचं आहे. अध्यक्षपद त्यात नाही, फक्त इलिनॉयमधली वकिली आणि पोस्ट, जमीनमोजणी अशी सरकारी कामं. फ्रंटियरला 'सरहद्द' म्हणावं का? त्याच्या मोजणीतली 'चेन' म्हणजे आपली साखळीच ना? आणि सर्किटवर, म्हणजे न्यायालयाबरोबर गावोगाव फिरणाऱ्या वकिलाला एवढी कामं झेपायची कशी?

मोजणीदार:
सरहद्द नको. त्या शब्दानं ठाणी आणि फौजा डोळ्यांपुढे येतात. इथे अर्थ आहे नव्या वस्तीची कड: मूळ रहिवाशांना हटवून सरकारनं जमीन मोजली, विकायला काढली, लोक येऊन राहिले, पूल आणि कचेऱ्या मागाहून आल्या. हटवण्याचा भाग वगळू नका. मूळ रहिवाशांविरुद्धच्या १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धात लिंकन स्वतः मिलिशियाचा, म्हणजे नागरिकांच्या हंगामी फौजेचा, कॅप्टन होता.

साखळीत मात्र हमखास फसगत होते. त्याची गंटर साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची. आपल्या जुन्या मोजणीतली ३३ फुटांची, १६ आण्यांची (इथे आणा म्हणजे साखळीचा सोळावा भाग). आपली एक चौरस साखळी म्हणजे १०८९ चौरस फूट, एक गुंठा. त्याची एक चौरस साखळी चार गुंठ्यांची, म्हणून दहा चौरस साखळ्यांचा एकर. नुसतं 'दहा चौरस साखळ्या' छापलंत तर इथला वाचक दहा गुंठे समजेल, म्हणजे पाव एकर! दर वेळी फूट किंवा एकर लिहाच.

चुका कुठून यायच्या तेही प्रकरणात येऊ द्या. कड्या झिजल्या की साखळी लांबते आणि माप कमी भरतं. उतारावर ती आडवी न धरता जमिनीलगत टाकली तर अंतर जास्त येतं. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून ढळलेली असते, आणि हा फरक वर्षागणिक बदलतो. जुन्या नोंदीतली दिशा तशीच धरली की हद्द सरकते. कोपऱ्याच्या खुणेला साक्षीची झाडं, म्हणजे खूण पुन्हा सापडावी म्हणून जवळची झाडं, नोंदवायचे. झाड तुटलं की वाद कोर्टात. अशा वादात मोजणी जाणणारा वकील किती कामाचा, हे वेगळं सांगायला नको.

पुण्याच्या वाचकासाठी एक जोड द्या. लिंकननं इलिनॉयमधल्या पीटर्सबर्ग गावाचा नकाशा केला १८३६ मध्ये. त्याच सुमारास आपल्या इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांची महसुली मोजणी चालू होती.

दावा_कैफियत:
सर्किटला 'फिरतं न्यायालय' चालेल, पण ते दुय्यम नव्हे. काउंटीचं मुख्य न्यायालयच वसंतात आणि शरदात, वर्षातून दोनदा भरायचं. लिंकन फिरायचा त्या आठव्या सर्किटवर १८४८ पासून न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस होते. १८५० च्या आसपास त्यात १४ काउंट्या होत्या. काउंटीला 'जिल्हा' म्हटलं तर आकार फुगतो, ती साधारण आपल्या तालुक्याएवढी.

कामं झेपायची कारण बहुतेक वसुलीची होती. वचनचिठ्ठी पुढे करायची, हातानं दावा लिहायचा, प्रतिवादी आलाच नाही तर एकतर्फी हुकूमनामा. अवघड होतं ते दाव्याचा योग्य नमुना निवडणं. कर्जाचा, वचनभंगाचा, नुकसानीचा, प्रत्येकाचा साचा वेगळा. साचा चुकला की प्रतिपक्ष कायदेशीर हरकत घेणार. दुरुस्ती वेळेत झाली नाही तर काम पुढच्या सत्रावर, म्हणजे सहा महिने. स्थानिक वकील आधी दावा दाखल करून ठेवायचे आणि सुनावणीला लिंकनला जोडीला घ्यायचे. स्प्रिंगफिल्डची त्याची कचेरी १८४४ पासूनचा भागीदार हर्नडन सांभाळायचा. सगळ्या कारकिर्दीत मिळून पाच हजारांहून जास्त कामं भरतात.

नेहमीची फी ५ ते २० डॉलर. इलिनॉय सेंट्रल रेल्वेकडून मिळालेले ५,००० डॉलर अपवाद आहेत, आणि तेही त्याला दावा लावून घ्यावे लागले. तो आकडा कमाईचा नमुना म्हणून देऊ नका.

पेठकर:
साखळीचा घोळ कच्च्या मसुद्यात झालाच होता, आता सगळीकडे फूट करतो. 'वकील झाला, मग राजकारणात उतरला' असा क्रम लावला आहे. तो ठीक ना?

दावा_कैफियत:
उलटा आहे. तो राहायचा त्या न्यू सेलम गावचा पोस्टमास्तर झाला १८३३ मध्ये, त्याच सुमारास उपमोजणीदार, आणि विधिमंडळात १८३४ मध्ये निवडून आला. वकिलीची सनद ९ सप्टेंबर १८३६ ची, वकिलांच्या पटावर नाव १ मार्च १८३७ ला. दोन्ही तारखा बरोबर आहेत, कोणती कशाची ते लिहा. पोस्टाचं एक वाक्य जरूर ठेवा: तेव्हा टपालखर्च बहुधा पत्र घेणारा द्यायचा, अंतर आणि कागदांच्या संख्येवर. ३० मैलांपर्यंत एका कागदाला ६ सेंट, ४०० मैलांपलीकडे २५. त्यामुळे पोस्टमास्तरची गाठ घरोघरी पडायची, आणि १८३४ ची मतं त्याला कुठून मिळाली ते यावरून उमगतं.