मदत हवी आहे: फियाटचा वॉटर पंप, टिकणारा, कुठे मिळेल? (ठाणे)

हँडगियर_ठाणे
नमस्कार मंडळी. वैतागून लिहितोय. दीड वर्षात तिसरा वॉटर पंप गेला. काल गायमुखच्या चढावर काटा लालमध्ये गेला, बॉनेट उघडलं तर खाली धार लागलेली आणि मागे डंपरवाल्यांचे हॉर्न, बाबा गाडीत होते, त्यांना उन्हात तासभर कडेला उभं राहावं लागलं. तिन्ही पंप नवेकोरे, खोक्यातले, कुर्ल्याहून आणलेले. पहिला आठ महिने चालला, दुसरा सहा, तिसरा जेमतेम चार. पुढच्या रविवारी बाबांची पंचाहत्तरी आहे आणि त्यांना याच गाडीतून केळव्याला जायचंय. एकदाच काय ते चांगला पंप घेऊन मोकळं व्हायचंय. कंपनी आणि दुकान सांगा, ठाणे किंवा नवी मुंबईत असेल तर बरं. 'गाडी विका' हा सल्ला देऊ नये, तो घरात रोज मिळतो.

नौपाडा_७४
फियाट म्हणजे कुठली? डिलाइट, पद्मिनी, एनई, युनो? पेट्रोल की डिझेल? साल?

सानपाडेकर
आमच्या सोसायटीत पण हाच त्रास होता, दर वर्षी पंप जळायचा. शेवटी एक एचपीचा मोनोब्लॉक काढून सबमर्सिबल टाकला, चार वर्षं बघायला नको. टाकीत फ्लोट बसवा, कोरडा चालला की जळतो.

हँडगियर_ठाणे
@सानपाडेकर काका, गाडीचा पंप हो. @नौपाडा पद्मिनीच, फियाट म्हटल्यावर अजून काय असणार. ८४ची, पेट्रोल.

नौपाडा_७४
असणार म्हणजे? एनईला (प्रीमियर ११८ एनई) पण लोक फियाटच म्हणतात आणि तिचं इंजिन निसानचं, ११७१ सीसी, पंप पूर्ण वेगळा. डिझेल पद्मिनीचा आणखी वेगळा. काउंटरवर नुसतं "फियाटचा द्या" म्हणालात तर तो हाताला येईल ते देतो. तुमची पेट्रोल पद्मिनी म्हणजे १०८९ सीसी. आता सांगा, पंप गेला म्हणजे नक्की काय गेलं? सीलमधून गळतोय का बेअरिंग वाजतंय का पॅकिंगमधून येतंय? तिन्ही वेळा एकच झालं का? हे न सांगता दुकान विचारताय म्हणजे आजार न सांगता औषध विचारल्यासारखं आहे.

हँडगियर_ठाणे
मेकॅनिक म्हणाला पंप गेला, बदलला. आता मी काय आत डोकावून बघू? गळतो, एवढं मला कळतं.

कालीपिली_प्रेमी
दादा आता चांगला माल मिळणं कठीणच. टॅक्स्या होत्या तोवर फियाटचं सामान भाजीसारखं मिळायचं. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, शेवटची २००३ला पासिंग झालेली, वीस वर्षं भरली, संपलं. आता दुकानदार पडून राहील म्हणून ठेवत नाही आणि जो बनवतो तो कसातरी बनवतो. माझ्याकडे कंपनीचा ओरिजिनल पंप होता, ओतीव बॉडी, हातात घेतला की वजन कळायचं. आताचे घ्या, खाऊच्या डब्यासारखे.

कुर्ला_टू_कळवा
कुर्ल्याचं नाव निघालं म्हणून लिहितोय. माझे मामा प्रीमियरमध्ये, म्हणजे पद्मिनी बनवणाऱ्या कंपनीत होते, कुर्ल्याच्या कारखान्यात, असेंब्लीला. वालचंद हिराचंदांनी ४४ साली कंपनी काढली, ४७ला कारखाना. मामा सांगायचे की बुकिंग करून लोक वर्षानुवर्षं थांबायचे आणि गाडी घ्यायला आले की हार नारळ पेढे, गेटवरच पूजा. आमच्या आळीत पहिली फियाट आली तेव्हा तिला बघायला…

नौपाडा_७४
धागा पंपाचा आहे.

कुर्ला_टू_कळवा
आठवण आली म्हणून लिहिलं, गुन्हा केला का?

ईव्ही_घणसोली
सोपा उपाय सांगतो. हा बेल्टवरचा पंपच काढून टाका, इलेक्ट्रिक वॉटर पंप लावा. ऑस्ट्रेलियाचे डेव्हिस क्रेगचे येतात, कंट्रोलरसकट. इंजिन बंद केलं तरी पाणी फिरत राहतं, ट्रॅफिकमध्ये गरम व्हायचा प्रश्नच मिटला. आजच्या जमान्यात कोण बेल्टवर पंप फिरवतं.

नौपाडा_७४
अर्ध्या जगातल्या गाड्या फिरवतात. आणि ८४च्या पद्मिनीत डायनॅमो असतो, तो आयडलिंगला बॅटरी धड चार्ज करत नाही, हेडलाइट लावले की पिवळे पडतात. त्यावर पंप चालवणार? मग घोडबंदरच्या जाममध्ये तासभर उभे राहिलात की बॅटरी पण गेली आणि पंप पण.

ईव्ही_घणसोली
नवं काही सांगितलं की तुमच्या पिढीला…

हँडगियर_ठाणे
भांडू नका राव. आणि माझ्याकडे डायनॅमो नाहीये, अल्टरनेटर आहे. एसी बसवला तेव्हाच बदलून घेतला.

लेथवाला_रबाळे
थांबा थांबा. एसी?

कधी बसवला? आणि कॉम्प्रेसरचा बेल्ट कुठून घेतलाय? मोबाइलवर फोटो काढा आणि टाका. इंजिन बंद करून.

हँडगियर_ठाणे
एसी दीड-दोन वर्षांपूर्वी, बाबांना उकाडा सहन होत नाही म्हणून. एका ओळखीच्या माणसाने बसवला. पण एसीचा इथे काय संबंध? एसी मस्त चालतो. प्रश्न पाण्याच्या पंपाचा आहे.

लेथवाला_रबाळे
एसी बसवला आणि त्यानंतरच पंप जायला लागले, बरोबर? त्याआधीचा किती वर्षं चालला होता?

हँडगियर_ठाणे
त्याआधीचा… बाबा म्हणतात बहुतेक गाडीबरोबरच आलेला. एकदाच सील बदललेलं.

कालीपिली_प्रेमी
बघा! चाळीस वर्षं! मी म्हटलं ना ओरिजिनल ते ओरिजिनल.

मिलान_वाशी
इटलीहून मागवा. पद्मिनी मुळात फियाट ११००च, तिकडे तिचे क्लब आहेत, जुन्या गाड्यांचे पार्ट विकणारी दुकानं आहेत, अजून नवीन पंप मिळतात. कुरिअर आणि कस्टम धरून महाग पडेल पण आयुष्यभराची चिंता मिटेल.

नौपाडा_७४
मागवायच्या आधी बघून घ्या. इटलीच्या ११००डीला १२२१ सीसीचं इंजिन होतं, आपल्याकडे १०८९ सीसीचं. वरून सारखं दिसतं म्हणून पंपाची भोकं, पुलीची उंची जुळेलच असं नाही. जुना पंप शेजारी ठेवून माप घेतल्याशिवाय पैसे पाठवू नका. आणि रविवारी केळवे आहे त्यांचं, कस्टमवाले पंचाहत्तरीची वाट बघत नाहीत.

हँडगियर_ठाणे
फोटो टाकलाय. आता तरी कोणी कंपनीचं नाव सांगा.

लेथवाला_रबाळे
फोटो बघितला. हे बघा, तुमच्या पंपावर मूळ पुली नाहीये. दोन खाचांची पुली लावलीये. मागच्या खाचेत नेहमीचा बेल्ट, आणि पुढच्या खाचेतून दुसरा बेल्ट थेट कॉम्प्रेसरला. म्हणजे तुमचा एसी पंपाच्या शाफ्टवर चालतोय. तो शाफ्ट पाणी फिरवायला आणि पुढचा पत्र्याचा फॅन फिरवायला केलेला आहे, कॉम्प्रेसर ओढायला नाही. त्यात पुढची खाच बेअरिंगपासून दोन बोटं लांब आलीये, तिथून खेचलं की टॉमीने खिळा उपटतात तसा जोर बेअरिंगवर येतो. एसीचा बेल्ट सैल असला की किंचाळतो म्हणून फिटरने तो कचकचून ताणला असणार. बेअरिंगला प्ले (ढिलेपणा) आला की शाफ्ट हलतो, शाफ्ट हलला की सील घासतं, सील गेलं की खालच्या भोकातून पाणी. यात सोन्याचा पंप लावा, तोही सहा महिन्यांत जाईल.

घरी एक करून बघा. इंजिन गार असताना फॅनची दोन समोरासमोरची पाती धरा आणि पुढे-मागे हलवा. टकटक लागलं तर बेअरिंग गेलं. मग पंपाच्या पोटाखाली बोट फिरवा, तिथे एक बारीक भोक असतं. सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. काही शहाणे मेकॅनिक तिथे एमसील भरतात.

हँडगियर_ठाणे
आत्ता पार्किंगमध्ये जाऊन आलो. टकटक लागते. बरीच. आणि त्या भोकाखाली पांढरट हिरवी पपडी जमलीये, नखाने निघत नाही.

नौपाडा_७४
पपडी! पाणी कुठलं भरता?

हँडगियर_ठाणे
नळाचं. म्हणजे घोडबंदरला नळाला जे येतं ते. बहुतेक टँकरचं. कूलंट महाग पडतं आणि मेकॅनिक म्हणाला जुन्या गाडीला लागत नाही.

नौपाडा_७४
टँकर म्हणजे बोअरचं जड पाणी. किटली एकदा आतून बघा म्हणजे कळेल ब्लॉकमध्ये काय साचलंय. सीलची दोन्ही तोंडं आरशासारखी गुळगुळीत असतात, एक कार्बनचं एक सिरॅमिकचं, त्यात असला क्षार म्हणजे पॉलिश पेपर. कूलंटमध्ये गंज थांबवणारं औषध असतं, नुसतं थंड करायला नसतं ते. जुन्या गाडीला जास्त लागतं, कारण तिचा ब्लॉक बिडाचा. आधी रेडिएटर आणि ब्लॉक फ्लश करा, मग डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) आहे का, का तोही काढून टाकलाय?

हँडगियर_ठाणे
काढलाय 😐

ईव्ही_घणसोली
म्हणून म्हणतोय इलेक्ट्रिक.

आरटीओ_नको_रे_बाबा
पंपाचं होईल हो, पासिंगचं बघितलंत का? १५ वर्षांवरच्या गाडीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायला २०२२पासून ५००० लागतात.

कुर्ला_टू_कळवा
ते वीस वर्षांपर्यंत. वीसच्या वरच्यांना ऑगस्ट २०२५पासून १०,००० केलेत. मला कोणी थांबवलं नाही आता, बघितलंत का, पैशाचा विषय निघाला की चालतं.

हँडगियर_ठाणे
@लेथवाला मग करायचं काय? बाबांना एसी हवाच आहे. तो काढायला सांगू नका, कारण मी आईला तोंड देऊ शकत नाही.

लेथवाला_रबाळे
काढायला नाही सांगत. रविवारपुरता फक्त एसीचा बेल्ट उतरवा, खिडक्या उघड्या ठेवा, केळव्याला वारा भरपूर. नंतर कॉम्प्रेसर थेट क्रँक पुलीवरून (इंजिनच्या मुख्य शाफ्टची पुली) चालवून घ्या. क्रँकला जास्तीची खाच आणि मध्ये ताण द्यायला आयडलर पुली. पंपावर परत मूळ एका खाचेची पुली आणि एकच बेल्ट. अंगठ्याने दाबल्यावर अर्धा इंच दबला पाहिजे, तंबोऱ्याची तार नकोय.

आता पंप. चौथा खोक्यातला घेऊ नका. तुमचा तो गाडीबरोबरचा जुना पंप आणा. बॉडी शाबूत असेल तर तीच ठेवायची, ओतीव माल आहे. प्रेसवर शाफ्ट काढायचा, नामांकित कंपनीचं सीलबंद बेअरिंग, नवीन सील, आणि इंपेलरचं (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) तोंड लेथवर साफ करून बॉडीपासूनचं अंतर बघून बसवायचं. फार लांब बसला तर पाणी ढकलत नाही, चिकटला तर घासतो. एवढं नीट केलं तर तुम्ही म्हातारे व्हाल, पंप नाही होणार. वागळे इस्टेटमध्ये लेथवाले ढिगाने आहेत, रबाळ्यापर्यंत यायची पण गरज नाही. एकच अट, हातोडीने बेअरिंग ठोकणाऱ्याकडे देऊ नका. प्रेस आहे का ते आधी विचारा.

हँडगियर_ठाणे
जुना पंप… तो एसीवाल्याने पुली बदलताना पंपही बदलला होता. "काका, जुना झालाय, नवीन टाकतो" म्हणाला. जुना बाबांनी बाल्कनीत ठेवलेला. दिवाळीच्या साफसफाईत मी भंगारवाल्याला दिला. वजनावर.

कालीपिली_प्रेमी
अरे देवा.

नौपाडा_७४
किती मिळाले?

हँडगियर_ठाणे
पेपरच्या रद्दीबरोबर गेला, वेगळे धरले नाहीत.

लेथवाला_रबाळे
आता जे तीन आहेत त्यातल्या ज्याची बॉडी जड वाटेल तो घेऊन जा. पंपाचं तोंड, जिथे पॅकिंग बसतं ते, काचेवर ठेवून बघा, डुलला तर नको. बेअरिंग-सील बदलून घ्या, दोन खाचांची पुली काढून एका खाचेची लावा, कूलंट घाला. रविवार निघेल. मग निवांत ओतीव बॉडी शोधा.

हँडगियर_ठाणे
ओके. दुसऱ्या पंपाची बॉडी त्यातल्या त्यात बरी आहे, काचेवर हलत नाही. उद्या सकाळी वागळेला जातो. मेकॅनिकला एसीचा बेल्ट काढ म्हटलं तर म्हणतो त्याचा काय संबंध. 😅

सानपाडेकर
बोअरच्या पाण्यासाठी सॉफ्टनर बसवा, आमच्याकडे क्षाराचा त्रास पूर्ण गेला.

कालीपिली_प्रेमी
@हँडगियर भंगारवाला कुठला? कापूरबावडीचा असेल तर मी उद्या तिकडूनच जातो. असलं बीड लगेच वितळवायला जात नाही, गोणीत पडून असतं. मिळाला तर तुम्हाला देईन. दोन मिळाले तर एक माझा.